एअर-प्रूनिंग, कापडी की प्लास्टिकची : कुंडी निवडताना आधी काय ठरवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे : काही फळझाडे, थोडी भाजी आणि काही शोभेची झाडे कुंड्यांत लावायची आहेत. भोकाभोकांची एअर-प्रूनिंग (हवेने मुळांची टोके छाटणारी) कुंडी, कापडी ग्रो बॅग आणि नेहमीची प्लास्टिकची कुंडी यांतली कोणती घ्यावी, आणि महागड्या कुंडीने खरोखर फरक पडतो का?

फरक पडतो, पण सगळ्या झाडांना नाही. कुंडी पाहायला जाण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या. झाड त्या कुंडीत किती काळ राहणार आहे? आणि कडक उन्हाच्या दिवसांत तुमच्याकडून पाणी किती वेळा दिले जाईल? कुंडीने मुळांची छाटणी करायची गरज आहे की नाही, ते पहिल्या उत्तरावरून कळते. ती छाटणी तुम्हाला निभावेल की नाही, ते दुसऱ्या उत्तरावरून. मुळांपर्यंत हवा नेणारी प्रत्येक कुंडी त्याच वाटेने पाणी बाहेर घालवते. हवेचा फायदा हवा असेल तर पाण्याची जबाबदारी घ्यावीच लागते.

आधी मुळांचे पाहू. मूळ टोकाकडून लांबत जाते आणि टोक जिवंत असेपर्यंत मागच्या भागातून फुटणाऱ्या उपमुळांना आवर बसतो. टोक मेले की तो आवर सुटतो आणि त्याच्या मागच्या साधारण १० सेंटीमीटरमधून नवी उपमुळे फुटतात. एअर-प्रूनिंग म्हणजे एवढेच. मुळाचे कोवळे टोक कोरड्या हवेत येते, सुकते, थांबते आणि मागे फांद्या फोडते. त्या फांद्याही भिंतीपर्यंत येऊन तशाच सुकतात. असे होत होत कुंडीत भरलेल्या सगळ्या माती-खताच्या मिश्रणात बारीक तंतुमुळांचे जाळे तयार होते. पाणी आणि अन्न घेण्याचे काम मुख्यतः हीच बारीक मुळे करतात.

गुळगुळीत प्लास्टिकच्या कुंडीत असे होत नाही. टोक भिंतीला लागते, वळते, भिंतीला चिकटून खाली उतरते आणि तळाशी गोल फिरू लागते. त्याला थांबवणारे काहीच नसते. रोप कुंडीतून काढल्यावर बाहेरून मुळे भरपूर दिसतात, पण गोळा मधोमध फोडून पाहिला तर आत बरीचशी माती रिकामीच सापडते. चार महिन्यांत संपणाऱ्या टोमॅटोला याचा फारसा त्रास नाही. आंबा, चिंच, पेरू, लिंबू, वड-पिंपळाच्या जातीची झाडे यांची गोष्ट वेगळी. त्यांची ती वेटोळी जाड होतात, लाकडासारखी कडक होतात आणि जमिनीत लावल्यावरही त्याच आकारात राहतात. झाड काही वर्षे चांगले वाढते. मग वेटोळे मूळ आणि खोडाचा बुंधा दोन्ही जाड होत होत एकमेकांवर दाब देऊ लागतात; झाड एका बाजूने वाळते, किंवा वाऱ्यात मुळासकट कलते. तोपर्यंत करण्यासारखे फार थोडे उरलेले असते. म्हणूनच जमिनीत जाणाऱ्या झाडाच्या बाबतीत कुंडीच्या निवडीला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो.

ही कल्पना जुनी आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत उद्यानतज्ज्ञ कार्ल व्हिटकॉम्ब यांनी तळ नसलेल्या दुधाच्या खोक्यांत रोपे लावून ती तारेच्या जाळीवर ठेवली. सोटमूळ तळाशी येऊन हवेत सुकले आणि वरच्या भागात आडवी मुळे फुटली. आजच्या भोकांच्या कुंड्या आणि खाली हवा खेळती ठेवणारे रोपवाटिकेतले ट्रे याच तत्त्वावर चालतात. यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की साध्या खोक्याने आणि जाळीनेही काम झाले होते. किंमत कुंडीच्या नावाला नसावी, रचनेला असावी.

रचना काय असावी? चांगल्या एअर-प्रूनिंग कुंडीची भिंत सपाट नसते. तिच्यावर बाहेर निघालेले शंकू असतात आणि प्रत्येक शंकूच्या टोकाला भोक असते. भिंतीशी आलेले मूळ शंकूत शिरते आणि घसरत भोकाशीच पोहोचते. दोन शंकूंच्या मधला भाग आत आलेला असतो, त्यामुळे मुळाला गोल फिरायला सलग वाटच मिळत नाही. साध्या कुंडीला ड्रिलने चार-दोन ओळी भोके पाडून हा परिणाम मिळत नाही, तो याच कारणाने. सपाट भिंतीवर बहुतेक मुळे भोकाच्या शेजारून निघून जातात. घरीच काही करायचे असेल तर भोकांपेक्षा उभ्या चिरा बऱ्या. तळाच्या कडेपासून वर भिंतीच्या निम्म्या उंचीपर्यंत, ४ ते ६ मिलिमीटर रुंद, ५ ते ६ सेंटीमीटर अंतराने चिरा पाडाव्यात. गोल फिरणाऱ्या मुळाला उभी चीर ओलांडावीच लागते आणि तिथे ते अडते. तयार चिरांच्या कुंड्याही मिळतात. ज्याला रोज दोनदा पाणी देणे जमत नाही त्याच्यासाठी तो फार चांगला मधला मार्ग आहे, पण त्याकडे लोकांचे लक्ष जात नाही.

भोकांची कुंडी घेतली तर ती भरण्यात चूक होऊ देऊ नका. बहुतेक कुंड्या सपाट पत्र्याच्या रूपात येतात. पत्रा वाकवून नळकांडे करायचे, कडा खिळींनी अडकवायच्या आणि जाळीचा तळ आत बसवायचा. हा तळ जमिनीला टेकलेला नसतो, भिंतीच्या खालच्या कडेपासून काही सेंटीमीटर वर असतो, आणि तो वरच राहिला पाहिजे. तळ जमिनीला लावून बसवला की खालची हवा बंद होते आणि मुळे तळाशी चटईसारखी पसरतात. मिश्रण ८ ते १० सेंटीमीटरच्या थरांनी भरा आणि प्रत्येक थर बोटांनी भिंतीकडे हलकेच दाबा, म्हणजे ते शंकूत शिरेल. शंकू रिकामा राहिला तर मूळ त्याच्या तोंडाशीच थांबते आणि भोक वाया जाते. वर ४ ते ५ सेंटीमीटर मोकळे ठेवा. वरच्या एक-दोन ओळी बंद असलेली कुंडी मिळाली तर तीच घ्या, नाहीतर पाणी ओतताक्षणी वरच्या भोकांतून धारा लागतात आणि खालचा भाग कोरडा राहतो. पहिल्या दोन-तीन पाण्यांत थोडे बारीक मिश्रण भोकांतून वाहते, ते स्वाभाविक आहे. ते थांबलेच नाही तर मिश्रण फार बारीक आहे. त्यात नारळाच्या काथ्याचे तुकडे किंवा सालीचे तुकडे मिसळा.

आता कापडी कुंडी. इथे एक मोठी फसगत होते. ‘ग्रो बॅग’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे हिरव्या किंवा पांढऱ्या रंगाची, विणलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची, आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेली पिशवी. दुसरी म्हणजे नमद्यासारखी, दाबून केलेल्या तंतूंची जाड कापडी पिशवी. पहिलीतून हवा जात नाही. मुळांच्या दृष्टीने ती प्लास्टिकचीच कुंडी आहे, फक्त मऊ. ती वाईट नाही, पण तिच्याकडून मुळांच्या छाटणीची अपेक्षा धरू नका. ओळखायचे कसे? कापड तोंडाला लावून जोरात फुंका. हवा आरपार गेली तर कापडी. नाही गेली तर प्लास्टिक. तिसरा प्रकार रोपवाटिकेतल्या पातळ पांढऱ्या पिशव्यांचा. त्यांतून मुळे सरळ बाहेर येतात. त्या रोप पिशवीसकट लावण्यासाठी असतात, वर्षभर झाड ठेवण्यासाठी नाहीत.

नमद्याच्या पिशवीत मुळाचे टोक आतल्या तंतूंत शिरते, अडकते आणि बाहेरच्या हवेजवळ आल्यावर सुकते. परिणाम भोकांच्या कुंडीसारखाच, पण थोडा कमी नेमका. काही मुळे कापडात गुंततात आणि काही जोरकस मुळे आरपार जातात. कापड जाड घ्या. ३०० जीएसएम (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) किंवा त्याहून अधिक. २०० जीएसएमचे कापड मोठ्या पिशवीत ओल्या मिश्रणाच्या वजनाने फुगते आणि शिवण उसवते. शिवण दुहेरी असावी आणि हँडल पिशवीच्या तळाखालून गेलेले असावे. फक्त वरच्या काठाला शिवलेले हँडल भरलेल्या पिशवीचे वजन पेलत नाही. २० लिटरची ओली पिशवी मिश्रणानुसार १५ ते २५ किलो भरते, हे उचलण्याआधी लक्षात असू द्या.

पाण्याचा हिशेब समजून घेतला की लहान कापडी पिशव्या का फसतात ते आपोआप कळते. ३० सेंटीमीटर व्यासाची आणि २५ सेंटीमीटर उंच पिशवी घ्या. तिच्यात सुमारे १७.७ लिटर मिश्रण बसते. वरचा उघडा पृष्ठभाग सुमारे ७०७ चौरस सेंटीमीटर आणि बाजूची भिंत २,३५६ चौरस सेंटीमीटर. म्हणजे प्लास्टिकच्या कुंडीत पाणी फक्त वरून उडते, तर इथे त्याच्या तिपटीहून मोठा आणखी एक पृष्ठभाग उघडा असतो. आता दर लिटर मिश्रणामागे किती भिंत येते ते पाहा. या पिशवीत ती १३३ चौरस सेंटीमीटर येते. २० सेंटीमीटर व्यास आणि तेवढीच उंची असलेल्या ६.३ लिटरच्या पिशवीत ती २०० होते. ४५ सेंटीमीटर व्यासाच्या, ४० सेंटीमीटर उंच, ६३.६ लिटरच्या पिशवीत फक्त ८९. लहान पिशवी झटपट सुकते आणि मोठी सावकाश, ती यामुळे. १० लिटरच्या आतली कापडी पिशवी कडक उन्हात ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे मुळांच्या छाटणीचा फायदा पाण्याच्या ताणात वाहून जातो.

शिवाय पिशवी सगळीकडून सारखी सुकत नाही. आधी भिंतीलगतचा ३ ते ५ सेंटीमीटरचा थर सुकतो, आणि नेमकी तिथेच बारीक मुळांची गर्दी असते. मध्यभागी आणि तळाशी मात्र ओल असते. बोट खोडाजवळ खुपसून ‘ओल आहे’ असे ठरवले की चूक होते. बोट भिंतीपासून ३ सेंटीमीटर आत खुपसून पाहा. आणखी एक अडचण कोकोपीटसारख्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) मिश्रणाची. ते पूर्ण सुकले की आकसते, भिंतीपासून सुटते आणि वरून दिलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते. तळातून पाणी आले म्हणजे भिजले, असा गैरसमज होतो. अशा वेळी पाणी तीन टप्प्यांत द्या : आधी अर्धा लिटर, १० मिनिटांनी एक लिटर, पुन्हा १० मिनिटांनी उरलेले. फारच कोरडे झाले असेल तर पिशवी टबात १० सेंटीमीटर पाण्यात अर्धा तास ठेवा, मग काढून निथळू द्या. दररोजच्या पाण्यासाठी १८ ते २० लिटरच्या पिशवीला फळे धरलेल्या अवस्थेत, कडक उन्हात, २ ते ३ लिटर लागू शकतात. शेवटी दिलेल्या पाण्याचा दहावा ते पाचवा हिस्सा तळातून बाहेर यावा. ठिबक लावणार असाल तर एक ड्रिपर पुरत नाही. भोकांच्या किंवा कापडी कुंडीत ओल आडवी पसरण्याआधीच भिंतीतून उडते, म्हणून ३० सेंटीमीटरच्या कुंडीला ३ ते ४ ड्रिपर, खोड आणि भिंत यांच्या मधोमध. वर ४ ते ५ सेंटीमीटर पाचट किंवा वाळलेल्या पानांचे आच्छादन घालायला विसरू नका.

पांढरी खपली दिसली की काळजी वाटते. ती बहुतेक वेळा बुरशी नसते; पाणी भिंतीतून उडताना खते आणि पाण्यातले क्षार मागे ठेवते, ते हे. बाहेरचे क्षार ब्रशने झाडा. पण त्याचा अर्थ आत भिंतीलगतही क्षार साठले आहेत असा होतो, आणि पानांच्या कडा करपू लागल्या तर तेच कारण असण्याची शक्यता मोठी. पिशवीच्या आकारमानाएवढे साधे पाणी, म्हणजे २० लिटरच्या पिशवीला २० लिटर, तासाभरात हळूहळू सोडून क्षार धुऊन काढा. हे दीड-दोन महिन्यांतून एकदा करा आणि त्यानंतर निम्म्या मात्रेचे खत द्या, कारण क्षारांबरोबर नत्रही धुऊन जाते. हिरवा थर मात्र शेवाळाचा असतो. तो झाडाला अपाय करत नाही.

उष्णतेच्या बाबतीत कापड आणि भोकांची कुंडी खरोखर उजव्या ठरतात. बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास मंदावते आणि ४० अंशांच्या पुढे इजा होऊ लागते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीच्या उन्हाकडच्या भिंतीलगत मिश्रण ४५ ते ५० अंशांपर्यंत तापू शकते. अशा कुंडीतून झाड काढले की एक बाजू जवळजवळ बिनमुळांची दिसते; ती बाजू दुपारच्या उन्हाची असते. कापडातून पाणी उडताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतला भाग थंड राहतो. पण हे ओल असेपर्यंतच. काळी कापडी पिशवी सुकली की तीही तापते, आणि आत कोरडी हवा असल्याने मुळे आणखी लवकर करपतात. प्लास्टिकच वापरायचे असेल तर पांढरी किंवा फिकट कुंडी घ्या. नाहीतर काळी कुंडी थोड्या मोठ्या दुसऱ्या कुंडीत ठेवून मध्ये २ ते ३ सेंटीमीटर हवा राहू द्या. कुंड्या अशा मांडा की पुढची रांग मागच्या रांगेच्या भिंतीवर सावली धरेल.

प्लास्टिकची बाजूही मांडायला हवी, कारण तिला उगाच कमी लेखले जाते. पाणी कमी लागते. धुणे सोपे. रोग आलेली कुंडी निर्जंतुक करता येते : माती खरवडून काढा, धुवा, घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग अशा द्रावणात १० ते ३० मिनिटे बुडवा, पुन्हा धुवा. कापडाच्या तंतूंत अडकलेली मुळे आणि माती अशी कधीच पूर्ण निघत नाही. मर रोगाने किंवा सूत्रकृमींनी (मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म जंतांनी) झाड गेले असेल तर ती कापडी पिशवी मी पुन्हा वापरू नका असेच सांगेन. पालेभाज्या, धने, पुदिना, केळी, कर्दळ, अळू, नेचे यांना सतत ओल हवी असते. त्यांना प्लास्टिकच योग्य. रोपे तयार करून महिन्या-दीड महिन्यात हलवायची असतील तर तिथेही प्लास्टिक पुरते.

प्लास्टिकच्या कुंडीत झाड कुजते ते बहुधा कुंडीमुळे नव्हे, मिश्रणामुळे. कोणत्याही कुंडीत निचरा थांबल्यावर तळाशी एक पाण्याने गच्च थर उरतो. त्याची उंची मिश्रणाच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर किंवा भोकांच्या संख्येवर नाही. भिजवलेला स्पंज आडवा धरा आणि पाणी ठिबकायचे थांबू द्या. मग तोच उभा करा, आणखी पाणी ठिबकेल. उभ्या स्थितीत ओल्या थराचा वाटा कमी होतो. म्हणून बारीक मिश्रणाला उंच कुंडी द्या आणि उथळ कुंडीत भरड मिश्रण भरा. तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालण्याची सवय सोडून द्या. त्याने निचरा वाढत नाही, गच्च थर फक्त वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर जाळीचा एक तुकडा पुरे. ३० सेंटीमीटरच्या कुंडीला तळाशी १० ते १२ मिलिमीटरची ५-६ भोके असावीत आणि कुंडी फरशीपासून २ सेंटीमीटर उचललेली असावी.

यावरून मिश्रण ठरते. प्लास्टिकसाठी भरड भाग जास्त : तीन भाग भरड पदार्थ (पर्लाइट म्हणजे फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे, भाताचे तूस, भरड वाळू किंवा सालीचे तुकडे), चार भाग कोकोपीट आणि माती, तीन भाग चांगले कुजलेले खत. कापडासाठी भरड भाग दीड ते दोनवर आणा आणि कोकोपीट वाढवा. भोकांच्या कुंडीसाठी मधले प्रमाण, पण तंतुमय काथ्या हवाच. मूठभर ओले मिश्रण दाबा. गोळा व्हावा, बोटाने टोचल्यावर फुटावा. वाफसा याच अवस्थेला म्हणतात, आणि कुंडी कोणतीही असो, पाणी निथळल्यावर मिश्रण या अवस्थेला लवकर आले पाहिजे.

मांडणीतही कापडी आणि भोकांच्या कुंड्यांचे फायदे हातचे जातात. कुंड्या एकमेकींना टेकवून ठेवल्या की मधल्या जागेत दमट हवा कोंडते, टोके सुकत नाहीत आणि मुळे शेजारच्या पिशवीत शिरतात. किमान ६ ते ८ सेंटीमीटर अंतर ठेवा. कापडी पिशवी थेट मातीवर ठेवली तर मुळे खाली जमिनीत उतरतात, आणि हलवताना ती तुटून झाड अचानक कोमेजते. फरशीवर सपाट ठेवली तर तळाची छाटणी होत नाही. लोखंडी जाळीचे स्टँड, किंवा विटांवर ठेवलेली जाळी, खाली ३ ते ५ सेंटीमीटर मोकळी जागा, एवढे पुरे. पाण्याने भरलेल्या ताटलीत पिशवी कायम ठेवणे म्हणजे कापड घेतल्याचा हेतूच घालवणे.

झाडांप्रमाणे निवड सांगायची तर, पुढे जमिनीत लावायच्या सगळ्या फळझाडांच्या आणि वनझाडांच्या रोपांना भोकांची किंवा चिरांची कुंडी. इथे मी तडजोड सुचवणार नाही. बियांपासून वाढवलेल्या सोटमुळाच्या झाडांना तर पहिल्या दिवसापासून, कारण पहिल्या काही आठवड्यांत वळलेले सोटमूळ पुढे कोणतीही कुंडी सरळ करत नाही. कायम कुंडीतच राहणारे लिंबू, पेरू, डाळिंब, अंजीर यांना ४० ते ६० लिटरची जाड कापडी पिशवी किंवा तेवढीच भोकांची कुंडी, दोन्ही चांगल्या. बोनसायसाठी खोड जाड करायचे असेल तर उथळ कापडी किंवा जाळीची कुंडी. टोमॅटो, वांगी यांना २० लिटर, मिरचीला १० ते १२ लिटर हवेच. आकारमान पुरेसे असेल तर कुंडीचा प्रकार दुय्यम. एकाच आकाराची महागडी कुंडी घेण्यापेक्षा त्याच पैशात दुप्पट लिटरची साधी कुंडी घेतली तर हंगामी भाजीला अधिक लाभ होतो. निवडुंग आणि रसाळ झाडांना कापड उत्तम, पण लहान आकारात. बांबूला आणि वड-उंबराच्या जातींना कापड देऊ नका. त्यांची मुळे आणि कंद ते फाडून बाहेर येतात.

आकार वाचताना ‘गॅलन’वर विसंबू नका. अमेरिकी गॅलन ३.७९ लिटरचा, पण रोपवाटिकेच्या भाषेतली ‘एक गॅलन’ कुंडी बहुधा तीन लिटरच्या आत असते. व्यासाचा निम्मा गुणिले निम्मा गुणिले उंची गुणिले ३.१४, भागिले १,००० : सगळी मापे सेंटीमीटरमध्ये घेतली की उत्तर लिटरमध्ये येते. वर रिकामी ठेवायची जागा त्यातून वजा करा.

हवेने छाटणी होणारी कुंडीही कायमची नाही. बारीक मुळांनी सगळे मिश्रण भरले की पाणी धरायला जागाच उरत नाही. सकाळी पाणी देऊन दुपारी झाड मलूल झाले, किंवा ओतलेले पाणी वर बराच वेळ साचून राहू लागले, की समजावे. मग व्यासाने ५ ते ८ सेंटीमीटर मोठी कुंडी द्या. त्याच कुंडीत ठेवायचे असेल तर दर दोन-तीन वर्षांनी, नवी पालवी फुटण्याच्या थोडे आधी, गोळा बाहेर काढा. धारदार करवतीने सगळ्या बाजूंनी २ ते ३ सेंटीमीटर आणि तळातून ३ ते ५ सेंटीमीटर कापा, खोडाजवळ गुंडाळलेले जाड मूळ दिसले तर ते मुळापाशी छाटा आणि नवे मिश्रण भरून दाबा. पानोरा पाव ते तिसरा हिस्सा कमी करा आणि दहा-बारा दिवस सावलीत ठेवा. प्लास्टिकच्या कुंडीतले झाड जमिनीत लावताना हेच करावे लागते. नुसत्या बोटांनी मुळे मोकळी करून किंवा गोळ्याला दोन-चार उभ्या चिरा देऊन भागत नाही. बाहेरचा वेटोळ्यांचा थरच उतरवावा लागतो. कोवळ्या रोपाला हे सहज सोसते, म्हणून उशीर करू नका.

कापडी पिशवीतून झाड काढताना ओढू नका. कापडात शिरलेली मुळे तुटतात आणि तीच सर्वांत कामाची असतात. पिशवी दोन-तीन वर्षे जुनी असेल तर ती सरळ वरून खाली कापून सोलून काढा. पुन्हा वापरायची असेल तर बाजूला उघडणारी, चिकटपट्टीची (वेल्क्रोची) पिशवी आधीच घ्या. रिकामी झालेली पिशवी आधी कडक उन्हात पूर्ण वाळवा, मग उलटी करून झटका आणि ताठ ब्रशने घासा; ओली असताना घासली तर माती कापडात आणखी रुतते. त्यानंतर पाण्यात रात्रभर भिजवून दोनदा खळबळून वाळवा. काठाजवळचे कापड चिमटीत धरून ओढल्यावर भुसा होऊन सुटत असेल तर उन्हाने त्याचे आयुष्य संपले आहे. त्यात नवे झाड लावू नका, कारण ती हंगामाच्या मध्यावर, झाड फळांनी भरलेले असताना फाटते.